संत्रं सरळच गेलं होतं

आमच्या घरी सगळ्यांत आधी हौद जागा व्हायचा. विहिरीवरची मोटर दोन-तीनदा खोकून चालू व्हायची आणि पाइपातून पाण्याचा पहिला लोट हौदाच्या कोरड्या तळावर आपटायचा. त्या आवाजाने मी जागी व्हायचे आणि अंथरुणात पडल्या पडल्या पुढचे आवाज ओळखत राहायचे. बाबांच्या वहाणा चिखलात पचपचत वाफ्याकडे जायच्या. काकूचं तोंड सुरू व्हायचं. आईच्या हाताखाली मेथीच्या जुड्या पाण्यात सळसळायच्या. आमचा मळा अमरावतीच्या कडेला, नांदगाव पेठेकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत होता. पालक, मेथी, मुळे, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाच्या कडेने झेंडू. घरात माणसं चारच: आई, बाबा, काकू आणि मी. काका मी रांगत असतानाच गेले. तेव्हापासून काकू दोघांच्या वाटचं बोलते, असं बाबा म्हणत, आणि काकू त्यावरही बोलायची. आता त्या मळ्याच्या जागी मंगल कार्यालय उभं आहे. विहीर बुजवली, हौदाच्या जागी वरातीचा घोडा बांधतात. मी एकदा मुद्दाम जाऊन पाहून आले आणि फार वाईट वाटून न घेता परत आले, कारण तिथून मला जे न्यायचं होतं ते मी फार पूर्वीच नेलं होतं.

कामं वाटलेली होती आणि ती कधी बदलत नसत. बाबा उपटायचे, काकू केळीच्या भिजवलेल्या सोपटाने जुड्या बांधायची, आई धुवायची. आई पदर खोचून हौदाशी उभी राहायची, दोन्ही हातांत जुड्या धरायची आणि उजव्या हाताच्या जोराने त्या पाण्यात गरागरा फिरवायची, म्हणजे मुळांची माती सुटायची. पाट्या भरून बाजारासाठी तयार झाल्या की आई हौदाच्या बुडाचा चिंध्यांचा बोळा उपसायची आणि सगळं पाणी वांग्यांकडे जाणाऱ्या पाटात सुटायचं. ते पाणी जाताना हौदात भोवरा पडायचा. मी लहानपणापासून तो भोवरा पाहत आले होते. एका हातात भाकरीचा तुकडा, त्यावर ठेचा, दुसऱ्या हातात मुळा, आणि डोळे त्या भोवऱ्यात. त्यात मेथीचं एखादं पान सापडलं की ते आधी ऐटीत फेऱ्या घालायचं, मग घाईघाईने, आणि मग गडप. पान नेहमी एकाच बाजूने फिरायचं, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण लक्षात येऊन उपयोग काय करायचा ते माहीत नव्हतं.

तो उपयोग बारावीत सापडला. आमचे इंगळे सर फिजिक्स शिकवायचे. बारीक अंगाचे, सायकलवर यायचे, आणि शिकवताना खडू संपला तरी बोटाने फळ्यावर लिहीत राहायचे. एके दिवशी त्यांनी सांगितलं की पृथ्वी फिरते म्हणून आपल्या उत्तर गोलार्धात वारे आपल्या उजवीकडे वळतात, आणि समुद्रावरची वादळं काट्यांच्या उलट फिरतात. याला कोरिऑलिस परिणाम म्हणतात. आणि जाता जाता म्हणाले, "मोरीतलं पाणी फिरतं ना, तेही त्याच्यामुळेच, असं म्हणतात." मी बाकावरून जवळजवळ उडाले. म्हणजे आमच्या हौदात रोज सकाळी पृथ्वी फिरत होती आणि ते फक्त मला ठाऊक होतं! त्या दिवसापासून मी वही घातली. रोज तारीख, पाणी किती, आणि भोवरा कोणत्या बाजूचा. पानामागून पान भरलं, आणि प्रत्येक ओळीत एकच शब्द: उलटा, उलटा, उलटा. सरांना वही दाखवली तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. अकोल्याला कॉलेजांचं विज्ञान प्रदर्शन भरणार होतं, त्यात त्यांनी माझं नाव दिलं.

बाबांच्या आनंदाचं काय सांगू. ते जेमतेम चौथी शिकलेले, पण त्यांनी अख्ख्या भाजीबाजारात सांगून टाकलं की आमच्या हौदात पृथ्वी फिरते. सकाळी सकाळी लोक बघायला यायला लागले. आई बोळा काढायची, सगळे वाकून बघायचे, आणि बाबा जणू पृथ्वी त्यांनीच कलम लावून वाढवली आहे अशा थाटात म्हणायचे, "पाहा, उलटं फिरून राहिलं का नाही?" काकू लांबून जुड्या बांधत म्हणायची, "पानी पाहाले येता बाप्पा, मंग भाजी तरी घेऊन जा."

पण त्यांच्या या आनंदाला एक व्यवहारी बाजूही होती. मला बारावीनंतर अकोल्याला जाऊन फिजिक्स शिकायचं होतं. बाबांच्या मनात डी.एड. होतं. दोन वर्षं, घरून जाऊन-येऊन, आणि पुढे शाळेत नोकरी. ते काही मला कोंडून ठेवणारे नव्हते. त्यांना खरोखरच कळत नव्हतं की पोरगी या विषयात चालेल की मध्येच बसेल, आणि न कळणाऱ्या गोष्टीत ते जाणकाराला विचारत. कोणतं बी चांगलं, कोणत्या वाफ्याला किती पाणी, सगळं असंच ठरायचं. एका संध्याकाळी जेवताना, रविवार होता म्हणून पातोडीचा रस्सा होता, त्यांनी मला सरळ सांगितलं, "नंदे, अकोल्याले ज्या बाई तपासाले येनार हायेत, त्याईले मी सोता इचारतो. त्या म्हनल्या का हे पोट्टी फिजिक्स शिकू शकते, तं तुले धाडतो. नाही म्हनल्या तं डी.एड. मंग रडाचं नाही." मी रश्श्यात भाकर चुरत म्हटलं, "नाही रडत." वही भरलेली होती, पृथ्वी माझ्या बाजूने होती. मी कशाला रडते?

प्रदर्शनाला दोन आठवडे असताना आईला ताप आला. धुण्याचं काम काकूकडे गेलं आणि जुड्या बांधायला मी बसले. पहिल्या दिवशी पाट्या भरल्या, मी हात पुसून वही घेऊन आले, काकूने बोळा उपसला. मी पाण्यात एक पान टाकलं. पान जागचं हललं, थबकलं आणि काट्यांच्या बाजूने फिरू लागलं. सुलटं. मी डोळे चोळले. पान फिरतच राहिलं आणि सुलटंच गडप झालं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी काकूवर अशी ओरडले की आत आई तापात उठून बसली.

"काकू, काय केलं तू हौदाले?"

"म्या काय केलं वं? भाजी धुतली."

"मग उलटं काहून नाही फिरत?"

"पान्याले इचार. मले काय इचारतं?"

आणि दुसऱ्या दिवशी तिने जुडी पाण्यात घालून फिरवून दाखवली, तेव्हा मी तिचा हात पाहिला. काकू डावखुरी होती. ती डाव्या हाताने भाकर थापायची, डाव्या हाताने झेंडू तोडायची, पंगतीत वाढताना बायकांची बोलणी खायची, हे मी जन्मापासून पाहत होते. ती जुड्या आईच्या उलट बाजूने फिरवत होती. आईने ढवळलेलं पाणी आईच्या बाजूने फिरायचं, काकूने ढवळलेलं काकूच्या. एवढीच गोष्ट होती. महिनोन्महिने मी पृथ्वीची म्हणून जी नोंद केली होती, ती माझ्या आईच्या उजव्या हाताची नोंद होती.

मला इतकी शरम वाटली की दोन दिवस बाबांच्या समोर जेवायला बसले नाही. तरी एक आशा चिवट होती. मी हौद भरला, कुणाला हात लावू दिला नाही, एक दिवस आणि एक रात्र पाणी निवांत ठेवलं आणि मग बोळा हलकेच काढला. पाणी कितीतरी वेळ नुसतं खाली गेलं. शेवटी जरासा भोवरा पडला, एकदा इकडचा, आणि पुन्हा करून पाहिलं तर तिकडचा. मी वही घेतली आणि सरांच्या घरी गेले. सर अंगणात सायकलचं पंक्चर काढत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ट्यूब बादलीत बुडवली, आणि बुडबुडे बघत म्हणाले, "म्हंजे माझंच चुकलं, नंदा. ऐकीव सांगितलं मी. गणित करून पाहायला पाहिजे होतं. पृथ्वीला एक फेरी मारायला अख्खा दिवस लागतो. तुझा हौद चहा उकळेपर्यंत रिकामा होतो. तेवढ्यात ती किती वळणार?" शिक्षकाने विद्यार्थिनीसमोर असं कबूल केलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. पुढे चौतीस वर्षं मी शिकवलं, आणि जेव्हा जेव्हा वर्गात माझी चूक निघाली तेव्हा सरांची ती ओली ट्यूब आठवून मी कबूल केली. सुरुवातीला जड गेलं, मग सवय झाली.

पण नाव गेलेलं होतं. सर म्हणाले, "हौद सोड. खरा परिणाम काय आहे तो समजून घे आणि तो दाखव." आणि त्यांनी समजावलं. फिरणारी चौकट, आभासी बल, वेगाला काटकोनात. मी मान डोलावली. घरी येऊन तेच पाच वेळा लिहून काढलं, आणि पाचही वेळा मला काही कळलं नाही. जे बल नाहीच ते वाऱ्याला ढकलतं कसं? आणि ढकलत नसेल तर वारा वळतो कशाला? मी सरांना पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि आम्ही दोघंही थकलो. बाबांना मी काहीच सांगितलं नव्हतं. ते बाजारात अजून पृथ्वी फिरवत होते.

त्याच आठवड्यात कौंडण्यपूरची जत्रा आली. दरवर्षी आम्ही तिथे झेंडू घेऊन जायचो. आई अजून अशक्त होती म्हणून बाबा, काकू आणि मी गेलो. फुलं दुपारपर्यंत संपली. बाबांनी संत्री घेतली आणि काकूला हुक्की आली की चकरीत बसायचं. चकरी म्हणजे फळ्यांचा मोठा गोल ओटा, मधे लोखंडी कणा, कडेने बाकं, आणि एक दणकट माणूस तो हाताने ढकलायचा. वर छत नाही, घोडे नाहीत. काकू एका बाकावर, मी बरोबर तिच्या समोरच्या बाकावर, आणि बाबा संत्र्यांची पिशवी घेऊन खाली. माणसाने ढकलायला सुरुवात केली, चकरी काट्यांच्या उलट फिरू लागली, आणि काकू हसत हसत ओरडली, "नंदे, एक संत्रं फेक इकडे!" माझ्या ओच्यात दोन होती. मी नेम धरून एक सरळ तिच्या हातात फेकलं. संत्रं निघालं ते तिच्याकडेच, आणि मध्येच माझ्या उजवीकडे वळून तिच्यापासून चांगलं हातभर लांबून चकरीबाहेर गेलं.

"काय फेकतं वं, आंधळी हाय का?" काकू.

मी दुसरं फेकलं, आणखी नेम धरून. तेही वळलं. माझ्या डोळ्यांदेखत, कुणी ढकललं नसताना, ते उजवीकडे वाकून निघून गेलं.  चकरी थांबेपर्यंत मी ओरडत होते, "बाबा, वळलं! पाहिलं का, कसं वळलं?"

बाबा धुळीतली संत्री गोळा करत होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोरीला ऊन लागलं असावं. "कुठं वळलं? मी पाह्यतच होतो. सरळच गेलं थे, नाकासमोर. तुमी दोघी फिरून राहिल्या, त्याले संत्रं काय करन?"

 बाबा कधी खोटं बोलत नाहीत, आणि माझे डोळेही धड होते. मी त्यांच्या शेजारी खाली उभी राहिले आणि काकूला पुन्हा एकटीला चकरीत बसवलं. सांगितलं, समोरच्या रिकाम्या बाकावर संत्रं फेक. तिने डाव्या हाताने फेकलं. खालून पाहिलं तर संत्रं खरोखरच सरळ गेलं, आखल्यासारखं. बाक मात्र तिथून निघून गेलं होतं, आणि काकूच्या बाकाचा वेगही संत्र्याबरोबर आडवा गेला होता. मी पुन्हा चढले, पुन्हा फेकलं, पुन्हा वळलं. उतरले, सरळ. चढले, वाकडं. मग मी त्या माणसाला हात जोडले की दादा, आता दुसऱ्या बाजूने ढकला. त्याने ढकललं, आणि संत्रं डावीकडे वळलं! पिशवी संपत आली, काकूला तर हा खेळ इतका आवडला की ती उतरेना, आणि भोवती बघे जमले. मला कुणाची लाज वाटत नव्हती. सरांचं ते आभासी बल माझ्यासमोर सालीसकट उडत होतं.

मला कळलं ते असं. संत्रं एकच, पाहणारे दोन, आणि दोघंही खरं बोलतात. खाली उभ्या असलेल्या बाबांना ते सरळ दिसतं, त्यांना कुठलंही बल लागत नाही. चकरीवर बसलेली मी मात्र मनात म्हणते की मी स्थिर बसले आहे. तसं म्हटलं की संत्र्याचं वळण मला कुणाच्या तरी माथी मारावं लागतं, म्हणून मी एक बल मानते. ते बल माझ्या बसण्याच्या जागेतून आलेलं आहे. आणि आपण सगळेच एका मोठ्या, संथ चकरीवर बसलो आहोत. तिच्यावरून दिवस-दिवस वाहणाऱ्या वाऱ्याला वळायला वेळ मिळतो, हौदाच्या पाण्याला मिळत नाही. परत येताना बैलगाडीच्या मागच्या बाजूला बसून मी हे काकूला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे माया नेम चांगलाच होता." मी म्हटलं, होय काकू, चांगलाच होता. मला इतका आनंद झाला होता की तो अंगात मावत नव्हता. आयुष्यात पुष्कळ गोष्टी मिळाल्या, पण न कळलेलं कळण्याचा असा आनंद दोन-तीनदाच झाला असेल, आणि त्यातला हा पहिला.

त्याच गाडीत मी बाबांनाही खरं सांगितलं. हौदात पृथ्वी फिरत नाही, ती आई होती.  बैलांवरची नजर न काढता ते एवढंच म्हणाले, "अकोल्याचं काय मंग?" मी म्हटलं, अकोल्याला जाऊ. त्यांनी कासरा ओढला.

घरी आल्यावर सायकलचं जुनं चाक काढून त्याच्या तुंब्यावर, म्हणजे मधल्या फिरत्या भागावर, मी गोल फळी बसवली, तिला काळा रंग दिला. वर एक लांब पट्टी आडवी आणि पक्की बसवली, फळी फिरली तरी न हलणारी. फळी फिरवायची आणि पट्टीला खडू टेकवून मध्यापासून कडेपर्यंत सरळ ओढायचा. ओढणारा शपथेवर सांगेल की हात सरळ गेला. फळी थांबवली की तिच्यावर मात्र वाकलेली रेघ. एवढंच माझं यंत्र. ते पोत्यात गुंडाळून आम्ही एसटीने अकोल्याला निघालो. सर, बाबा, मी आणि काकू. काकूला कुणी बोलावलं नव्हतं. ती म्हणाली, "संत्रे म्या फेकले, मी येनारच." बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत तिने सगळ्या एसटीला चकरीची गोष्ट सांगितली.

परीक्षक होत्या अकोल्याच्या कॉलेजातल्या पाध्ये मॅडम. मूळच्या पुण्याच्या, कॉटनची कडक साडी, चष्मा साखळीला. त्यांच्या हातातल्या कागदावर माझ्या नावापुढे अजून जुनंच लिहिलं होतं: हौदातील भोवरा. "कुठे आहे हौद?" त्यांनी विचारलं. मी वही पुढे केली आणि सांगून टाकलं की हा प्रयोग चुकला, आईचा उजवा हात आणि काकूचा डावा हात. त्यांनी वही चाळली. "ही आणलीस कशाला? न आणतीस तर मला कळलंही नसतं." मी म्हटलं, "मला कळलं होतं ना, मॅडम." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि खडू हातात घेतला. मी फळी काट्यांच्या उलट फिरवली, त्यांनी रेघ ओढली, रेघ उजवीकडे वाकली. सुलटी फिरवायला लावली, डावीकडे वाकली. त्या समाधानाने मान हलवतील असं मला वाटलं, पण त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "बरं. वारा उजवीकडे वळतो म्हणतेस. मग आपल्याकडची वादळं काट्यांच्या उलट, म्हणजे डावीकडे वळत वळत कशी फिरतात? तुझ्या हिशेबाने तर ती सुलटी फिरायला हवीत."

 मी सरांकडे पाहिलं, ते खाली बघत होते. बाबा भिंतीशी उभे होते, मफलर दोन्ही हातांनी धरून, आणि त्यांना प्रश्न कळला नसला तरी माझा चेहरा कळत होता. डी.एड.चं कॉलेज मला समोर दिसायला लागलं. मी डोळे मिटले आणि चकरीत जाऊन बसले. संत्रं काकूकडे निघालं आहे. काकूला लागत नाही. काकूच्या कोणत्या बाजूने जातं? माझ्या उजवीकडून. म्हणजे काकू त्याच्या डाव्या हाताला राहते. आणि अशी संत्री एकाच वेळी चारी बाजूंनी निघाली तर?

"मॅडम, एक स्टूल पाहिजे," मी म्हणाले. "आणि चार माणसं."

स्टूल हॉलच्या मध्ये ठेवलं. म्हटलं, वादळाच्या मध्यभागी हवा कमी दाबाची असते, म्हणून चारी बाजूंनी वारा तिकडे धावतो. एका बाजूला बाबांना उभं केलं, समोर सरांना, तिसऱ्या बाजूला काकूला. चौथं माणूस मिळेना, तेव्हा मी पाध्ये मॅडमना म्हटलं, "तुम्ही इकडून या." हॉलमधली पोरं हसली. मॅडम आल्या, निऱ्या जराशा उचलून. मी सांगितलं, "नजर स्टुलावरच ठेवायची, जायचं स्टुलाकडेच, पण प्रत्येक पावलाला आपापल्या उजवीकडे सरकायचं. चला!" चौघं निघाले. पहिली दोन पावलं गोंधळ झाला. मग प्रत्येक जण स्टुलाला हुकवून त्याच्या उजव्या अंगाने जाऊ लागला, स्टूल प्रत्येकाच्या डाव्या हाताला राहिलं, आणि बघता बघता चौघांची मिळून एक फेरी धरली गेली. सर मॅडमच्या मागे, मॅडम बाबांच्या मागे, बाबा काकूच्या मागे, स्टुलाभोवती गोल गोल, काट्यांच्या उलट! "अवो बाई," काकू फिरता फिरता मॅडमना म्हणाली, "भुलाबाईच्या फेराचे गाने म्हनू का आता?" आणि पाध्ये मॅडम, ज्यांना अख्खं कॉलेज टरकून असायचं, त्या मोठ्याने हसल्या, आणि थांबल्या मात्र नाहीत. आणखी एक फेरी पुरी केली. "उलटंच," त्या म्हणाल्या. "अगदी उलटंच फिरतोय आपण."

परवा माझ्या नातवाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुणीतरी विषुववृत्तावर घमेलं घेऊन उभा, रेषेच्या अलीकडे पाणी सुलटं, पलीकडे उलटं, आणि पर्यटक टाळ्या वाजवताहेत. नातू म्हणाला, "आजी, बघ ना, सायन्स!" मी म्हटलं, त्या माणसाचा हात बघ. ओतताना घमेलं कुठून कसं वळवतो ते बघ. त्याने तीनदा पाहिला आणि मग त्याला दिसलं. हौदाच्या वेळी मला महिने लागले होते. पोरगं माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मी त्याच्या आईला सांगितलं, त्याला नाही.

फेरी थांबली तेव्हा सगळ्यांना घाम आला होता. मॅडमनी रुमालाने कपाळ टिपलं आणि कागदावर काहीतरी लिहू लागल्या. बाबा पुढे झाले. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. गारपिटीतही नाही. मफलर सोडवत ते म्हणाले, "बाई, मी हिचा बाप. मले यातलं काही समजत नाही. मले फकस्त एक सांगा. हे पोट्टी फिजिक्स शिकन का? खरं सांगा. मनासाठी सांगू नोका."

मॅडमनी लिहिणं थांबवलं. "दादा, तो वादळाचा प्रश्न मी दरवर्षी विचारते. पुस्तकात वाचलेलं पाठ म्हणून दाखवणारे पुष्कळ भेटतात. तुमच्या मुलीने उत्तर इथे उभं राहून शोधून काढलं, आणि मलाच त्यात चालायला लावलं. शिकेल का म्हणून काय विचारता? तिला माझ्याकडे पाठवा. वसतिगृहाचं मी बघते."

 बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "पाठवतो. पन एक आधीच सांगून ठेवतो, बाई. हे चुकली तं कबूल करते, अख्ख्या बाजारात माया इज्जतीचं काय होईन त्याचाबी इचार करत नाही. अन् बरोबर असली तं मंग कोनाचंच आयकत नाही. तुमचंबी नाही आयकनार."

"तशीच हवी आहे," मॅडम म्हणाल्या.

"मंग न्या," बाबा म्हणाले, आणि भर हॉलमध्ये, परीक्षकांसमोर, मफलरात तोंड घालून ढसाढसा रडू लागले. मी रडायचं नाही असं ठरलं होतं. त्यांचं काहीच ठरलं नव्हतं.